धरून राहण्याची रीत

घट्ट धरून राहणारा प्राणी म्हटला की मुलांना प्रथम घोरपड आठवते. इ. स. १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला. त्या वेळी घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, ही त्या प्रसंगाभोवती जमलेली लोककथा होय. ती कथा म्हणूनच सांगावी. घोरपडीच्या बळकट नख्या खडकाच्या भेगेत रुततात, एवढे मात्र खरे. (या प्राण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, हेही त्याच तासाला सांगावे. गोष्टीत गौरव आणि रानात शिकार, ही विसंगती मुलांच्या लवकर ध्यानात येते.)

परंतु धरून राहणे म्हणजे सदैव जोर लावणे, असा समज या कथेने होऊ नये. वडापिंपळावर दिवसभर उलटे टांगलेले वटवाघूळ जोर लावीत नाही. त्याच्या देहाचा भारच बोटांच्या कंडरा ओढतो. कंडरेवरील बारीक उंचवटे भोवतालच्या आवरणात अडकतात आणि पकड मिटलेली राहते. म्हणून ते झोपेतही पडत नाही. हे दृश्य दुरूनच दाखवावे. वटवाघळास हात लावू देऊ नये.

भिंतीवरील पाल याहून नवलाची. तिच्या पायाला डिंक नसतो. बोटांखालील पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. टोकाय नावाच्या मोठ्या पालीच्या एका पायावर ते सुमारे ५ लाख भरतात. हे केस भिंतीच्या इतके निकट जातात की पदार्थांच्या कणांमधील अतिसूक्ष्म आकर्षणच पालीला तोलून धरते, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. एकेका केसाचे बळ नगण्यच. आणि पाऊल उचलताना ओढाताण नाही : बोट टोकाकडून वर वळते, केसांचा कोन बदलतो, पकड अलगद सुटते.

हा पाठ मुलांइतकाच शिक्षकांसाठीही आहे. जूनमध्ये पहिलीच्या दाराशी एखादे मूल आईचा पदर मुठीत धरून उभे असते. ते हट्टी नव्हे. त्याला दुसरा आधार अजून सापडलेला नाही. त्याची बोटे उकलून त्याला आत ओढणाऱ्या शिक्षकास दुसऱ्या दिवशी तीच मूठ अधिक घट्ट झालेली दिसते. आईला दोन दिवस वर्गात बसू द्यावे. मुलापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवावा. चिंचोके मोजायला दोन्ही हात लागतात.