मांजरीची सात घरे

येवल्याच्या एखाद्या गल्लीतून जाताना मागाचा खटखट आवाज ऐकू येतो. त्याच गल्लीत ओट्यावर नाहीतर पत्र्यावर एखादे मांजर अंग चोरून बसलेले दिसते. उर्दूत आपण त्याला ‘बिल्ली’ म्हणतो. उर्दूत लिंगे दोनच आहेत, पण मराठीत तीन आहेत. म्हणून मराठीत तो बोका, ती मांजरी आणि ते मांजर. पिल्लूसुद्धा ‘ते पिल्लू’च.

मांजर रोज दिसते, म्हणून आपण त्याच्याकडे नीट पाहत नाही. आज जरा नीट पाहू या.

प्रथम त्याचे डोळे पाहा. भर दुपारी मांजराच्या डोळ्यांतील बाहुली उभ्या रेघेसारखी बारीक होते. रात्री तीच मोठी आणि गोल होते. आपल्याला पाहण्यासाठी जेवढा उजेड लागतो, त्याच्या सुमारे सहाव्या भागातही मांजराला दिसते. त्याच्या डोळ्यांत पडद्यामागे एक चकाकणारा थर असतो. आत आलेला प्रकाश हा थर आरशासारखा परत पाठवतो. म्हणूनच बॅटरीच्या उजेडात मांजराचे डोळे चमकतात. मात्र अगदी काळोख असेल, तर मांजरालाही काही दिसत नाही.

अशा वेळी मिशा उपयोगी पडतात. या मिशांच्या मुळाशी पुष्कळ मज्जातंतू असतात. हवेची हलकीशी हालचालही त्यांना जाणवते. मांजराच्या पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही अशा थोड्या मिशा असतात. म्हणून गंमत म्हणूनही कोणाच्या मांजराच्या मिशा कापू नका.

आता कान. आपल्याला सेकंदाला जास्तीत जास्त वीस हजार कंपनांचा आवाज ऐकू येतो. मांजराला साठ हजारांच्याही पुढचा आवाज ऐकू येतो. उंदरांची पिल्ले इतक्या बारीक आवाजात ओरडतात, की आपल्याला ते मुळीच ऐकू येत नाही. घरात सारे शांत असताना मांजर एखाद्या बिळापाशी तासभर का बसते, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. आपल्याला जी शांतता वाटते, ती त्याच्यासाठी शांतता नसते.

ईदच्या दिवशी घरात शीरखुर्मा होतो. मांजर त्याच्या वाटीत तोंड घालते, तेव्हा त्याला गोड आवडते असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही! गोड चव ओळखण्यासाठी जो जनुक लागतो, तो मांजरांमध्ये बिघडलेला असतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००५ साली हे दाखवून दिले. मांजर शीरखुर्म्याकडे धावते ते त्यातील दुधाच्या स्निग्धतेसाठी. पण पुष्कळ मोठ्या मांजरांना दूधही नीट पचत नाही. त्यांच्यासाठी स्वच्छ पाण्याची वाटीच बरी.

मांजर उंचावरून पडले तरी बहुतेक वेळा पायांवरच उतरते. हे कसे घडते? १८९४ साली मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पडणाऱ्या मांजराची एकापाठोपाठ एक अशी अनेक छायाचित्रे घेतली. मांजराचा कणा फार लवचीक असतो. ते हवेत आधी शरीराचा पुढचा भाग वळवते आणि मग मागचा. पण पायांवर उतरले तरी त्याला दुखापत होऊ शकते, हाड मोडू शकते. तेव्हा कोणी ‘पाहू या’ म्हणून मांजर गच्चीवरून टाकत असेल, तर त्याला अडवा.

आता आपल्या गावाला शोभेल अशी एक गोष्ट. पैठणी विणताना कोणता रंग कोठे यायचा हे विणकर ठरवतो. मग मांजराच्या अंगावर काळा, नारिंगी आणि पांढरा असे तीन रंग कोण विणतो? तीन रंगांचे मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. नारिंगी रंग ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मादीकडे अशी दोन गुणसूत्रे असतात. पिल्लू आईच्या पोटात असतानाच त्याच्या प्रत्येक पेशीत त्यांपैकी एक गुणसूत्र गप्प बसते. काही पेशींत नारिंगी रंगाचे गुणसूत्र काम करते, तर काहींत दुसरे. म्हणून नारिंगी आणि काळे ठिपके पडतात. पांढरा रंग मात्र दुसऱ्याच जनुकामुळे येतो. एक गुणसूत्र गप्प बसते, हा विचार मेरी लायन या इंग्रज विदुषीने १९६१ साली मांडला. नारिंगी रंगाचा नेमका जनुक कोणता, हे मात्र जपान आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०२५ साली प्रसिद्ध केले. घरातल्या मांजराचे कोडे सुटायला इतकी वर्षे लागली!

आपल्याकडे म्हणतात, की मांजरी आपल्या पिल्लांना सात घरे दाखवते. सात हा आकडा सोडा, पण गोष्ट खरी आहे. जन्मतः पिल्लांचे डोळे मिटलेले असतात. ते एक-दोन आठवड्यांनी उघडतात. तोवर पिल्लांना पळता येत नाही. कुत्र्याची किंवा बोक्याची चाहूल लागली, की मांजरी जागा बदलते. ती एकेका पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचलते. पिल्लूही निमूटपणे अंग सैल सोडते. एक पिल्लू नेताना बाकीची मागे एकटीच राहतात. नेमके तेव्हाच आपण तेथे पोहोचतो आणि म्हणतो, “अरेरे, आई टाकून गेली!”

हीच चूक रानातही होते. महाराष्ट्रात वाघाटी नावाचे रानमांजर आहे. जगातील सर्वांत लहान रानमांजरांत त्याची गणना होते. पूर्ण वाढ झाली तरी त्याचे वजन सुमारे एक ते दीड किलोच भरते. ते फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळ या देशांत आढळते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी वाघाटीची पिल्ले अनेकदा सापडली आहेत. बिबट्याची पिल्ले समजून लोक घाबरतात. अशा वेळी वनखात्याची माणसे आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातील डॉक्टर येतात. ते पिल्लांना तपासतात. मग संध्याकाळी पिल्ले सापडली होती त्याच जागी ठेवून सर्वजण दूर जातात. अंधार पडला, की आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते.

मित्रांनो, यातून आपण काय शिकायचे? एकटे पिल्लू दिसले, की लगेच उचलू नका. दूर उभे राहा आणि काही तास वाट पाहा. जवळ गर्दी असेल, तर आई येणारच नाही. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून गावाबाहेर सोडणे म्हणजे त्यांना मरायला सोडणे होय. पिल्लू पाळायचे असेल, तर ते निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्या. मांजर चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. रेबीज मांजरामुळेही होऊ शकतो.

मांजर आडवे गेले, म्हणून कोणाचे काम अडत नाही. ते आपल्याच कामाला निघालेले असते. कदाचित तोंडात पिल्लू धरून सातव्या घराकडे चाललेले असेल. तेव्हा थोडे थांबा आणि त्याला वाट द्या.

शब्दार्थ
नवल – तअज्जुब. चाहूल – आहट. निमूटपणे – चुपचाप. निवारा – पनाह. पेशी – खलिया. लवचीक – लचकदार

स्वाध्याय
१. मांजर बिळापाशी तासभर का बसते?
२. तीन रंगांचे मांजर बहुतेक मादी का असते, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
३. तुमच्या गल्लीत मांजराचे एकटे पिल्लू दिसले, तर तुम्ही काय कराल आणि काय करणार नाही?
४. ‘तो, ती, ते’ यांपैकी योग्य शब्द लावा : बोका, मांजरी, पिल्लू, घर, मिशी, कान.