घराचे रक्षण, बंदूक आणि कायदा

चोऱ्या-घरफोड्यांची वार्ता पंचक्रोशीत पसरली की ग्रामसभेत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : रात्री चोर घरात शिरला, तर घरधन्याने काय करावे? त्यापाठोपाठ दुसरा येतो : बंदुकीचा परवाना मिळेल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट उमगले, तर दुसऱ्याची निकड बरीच कमी होते. म्हणून आरंभ पहिल्यापासून केलेला बरा.

स्वसंरक्षणाचा हक्क आपल्याकडे नवा नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत तो विस्ताराने नमूद होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो जवळजवळ जसाच्या तसा आला आहे. मौजेची गोष्ट अशी की, ज्या परकीय सत्तेने हा हक्क कागदावर उदारपणे दिला, तिनेच १८७८ च्या शस्त्र कायद्याने एतद्देशीयांच्या हातची हत्यारे परवान्याने जखडली आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. स्वातंत्र्यानंतर तो कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. परवान्याचे तत्त्व मात्र कायम राहिले.

हा हक्क केवळ स्वतःच्या शरीरापुरता व मालमत्तेपुरता नाही. दुसऱ्याच्या जीविताचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचाही तो हक्क आहे. म्हणजे हाकेला धावून जाणारा शेजारीही कायद्याच्या छत्राखाली येतो. शरीराच्या रक्षणाचे नियम कलम ३८ मध्ये, तर मालमत्तेच्या रक्षणार्थ प्रतिकार कोणत्या प्रसंगी हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो, हे कलम ४१ मध्ये सांगितले आहे. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे अथवा ते स्फोटकांनी उडवणे हे त्यांतील ठळक प्रसंग होत. साधी चोरी किंवा घरात अनधिकाराने शिरणे एवढ्याने हा टोकाचा हक्क मिळत नाही. प्रतिकार न केल्यास मृत्यू वा जबर दुखापत होईल, अशी वाजवी भीती वाटण्यासारखी परिस्थिती तेथे असावी लागते. ‘घरफोडी’ या शब्दालाही कायद्यात नेमका अर्थ आहे. भिंतीला भोक पाडून, कौले काढून, कुलूप तोडून आत येणे ही घरफोडी; उघड्या दारातून पडवीत आलेला अनोळखी मनुष्य, मग तो मध्यरात्री का येईना, तेवढ्याने घरफोड्या ठरत नाही.

आता हक्काची मर्यादा. आवश्यकतेहून अधिक इजा करण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि पोलिसांची मदत मिळवण्यास अवधी असेल तर हा हक्क उरतच नाही. समजा, कौले काढून कोयत्यानिशी घरात उतरलेल्या इसमावर घरधन्याने कुऱ्हाड चालवली व तो मेला. येथे कायदा घरधन्याच्या बाजूने उभा राहील. परंतु तोच इसम गाठोडे टाकून कुंपणावरून उडी मारून पळत सुटला आणि मालकाने ओसरीवरून त्याच्या पाठीत गोळी घातली, तर चित्र पालटते. घरफोडीविरुद्धचा हक्क घरातील अतिक्रमण चालू आहे तोवरच टिकतो. चोरीचा माल परत मिळवण्यासाठी पाठलाग करता येतो, जीव घेता येत नाही. सद्‌भावनेने मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून ठरत नाही; पण सदोष मनुष्यवधाची शिक्षा टळत नाही. तथापि, अंधारात, भयग्रस्त अवस्थेत घातलेला घाव सोन्याच्या तराजूत तोलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पंजाबातील एका खटल्यात स्पष्ट केले आहे. घरधन्याच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होय.

या विवेचनात बंदुकीचा उल्लेख क्वचितच आला, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. कायदा हक्क देतो तो माणसाला. हाती काठी असो वा बंदूक. परवाना जिल्हादंडाधिकारी, आणि आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्त, पोलीस चौकशीअंती देतात. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकास दोनच बंदुका बाळगता येतात व परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे. लग्न-वरातीत बेदरकारपणे बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्याच दुरुस्तीने झाली. कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. परवानाधारक वारला, तर ती बंदूक वारसाला तशीच आढ्याला टांगून ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात जमा करून नवा परवाना मागावा लागतो. हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते आणि मग विनाकारण गुन्हा ओढवतो.

शिवाय बंदूक घरात असणे आणि वेळेला हाती असणे या भिन्न गोष्टी आहेत. कपाटात कुलूपबंद, गोळ्या वेगळ्या ठेवलेली बंदूक ऐन क्षणी निघणे कठीण. भरून उशाशी ठेवलेली चोरापेक्षा घरातल्या लेकरांना अधिक घातक. आणि दरोडेखोर म्हणजे कायद्याने पाच किंवा अधिक जण. त्यांच्यापुढे एकट्या नळीचा पाडाव लागणे अवघड. त्यापेक्षा पक्की कडी, अंगणातला दिवा, भुंकणारे कुत्रे, ११२ हा क्रमांक आणि हाकेला ‘ओ’ देणारी आळी यांवर आमची भिस्त अधिक आहे.

गावाने रात्रीची गस्त घालणे स्तुत्य आहे. मात्र तिला पोलीस ठाण्याशी बांधून घेतले पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या जमातीतील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवेपायी दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचा बळी गेला. या दोन्ही ठिकाणी कोणाचे घर फोडले जात नव्हते, कोणावर हल्ला होत नव्हता. त्यामुळे स्वसंरक्षणाचा हक्क उत्पन्नच झाला नव्हता. गस्तीवरील तरुणांना ही बाब शिक्षकांनी व सदस्यांनी आवर्जून समजावून सांगावी.

डोळ्यांदेखत घरफोडी करणाऱ्यास कोणीही नागरिक पकडू शकतो. परंतु त्यास विनाविलंब, आणि उशिरात उशिरा सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन केले पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४० सांगते. खांबाला बांधून सकाळपर्यंत मारहाण करणे हा स्वतंत्र गुन्हा होतो. झटापटीत कोणी जखमी झाल्यास प्रथम त्याला दवाखान्यात पोहोचवावे, मग तो चोर का असेना. फुटलेली कौले, तुटलेले कुलूप, पडलेले हत्यार जागचे हलवू नये. पुढे न्यायालयात स्वसंरक्षणाची बाजू मांडताना आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या घरधन्याच्या कामी येतात त्या याच वस्तू, आणि पोलीस पाटलाने त्याच रात्री ठाण्याला दिलेली वर्दी.