पाळलेला मासा मासे वाढवतो की संपवतो?

प्रश्न : समुद्रातली मासळी कमी होते आहे, म्हणून खाडीत मासे, कुर्ल्या, कालवे पाळा, असे हल्ली सगळे सांगतात. पण पिंजऱ्यातल्या माशाला खायला मासेच घालतात ना? मग मासळी वाढली कशी? आणि ज्यांचे पोट खाडीवर आहे, त्यांनी जायचे कुठे?
– एक वाचक, जामसंडे

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत, एक हिशेबाचा आणि एक हक्काचा. दोन्ही अगदी रास्त आहेत. आधी हिशेब पाहू.

पिंजऱ्यात जिताडा पाळला तर तुमची शंका खरी ठरते. जिताडा मांसाहारी आहे. त्याला बारीक मासळी कापून घातली, तर एक किलो वजन वाढायला चार किलो किंवा त्याहूनही जास्त मासळी लागते. त्या बारीक मासळीत बांगड्यासारख्या माशांची पिल्लेही सापडतात, म्हणजे पुढच्या हंगामाची मासळी आजच खर्ची पडते. तयार गोळीखाद्य घातले तर खाद्य बरेच कमी लागते. पण त्या गोळीतही तारलीसारख्या माशांची भुकटी असते. त्यामुळे समुद्रावरचा भार हलका होतो, पण पुरता उतरत नाही.

मात्र पाळायचे सगळेच जीव जिताड्यासारखे खादाड नसतात. काळुंदर शेवाळ आणि कुजका पालापाचोळा खाऊन वाढते. कालवे आणि शिनाणे यांना तर आपण काहीच घालायचे नसते. बांबूच्या मांडवाला दोरांवर लटकून ती खाडीचे पाणी गाळतात आणि त्यातल्या सूक्ष्म वनस्पतींवर पोसली जातात. इथे मासळीचा हिशेब जमेचाच राहतो.

मग सगळी खाडी कालवे-शिनाण्यांनीच का भरू नये? कारण पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी उतरले की खाडीचा खारटपणा एकदम घटतो आणि शिनाणे मरतात. म्हणून हे पीक पाऊस सरल्यावर घालायचे आणि पुढचा पाऊस येण्याआधी काढायचे. दुसरे असे की, पाणी गाळणारा जीव त्यातली घाणही पोटात साठवतो. गावाचे सांडपाणी जिथे खाडीत सुटते, तिथली कालवे खाणाऱ्याला आजारी पाडू शकतात. त्यामुळे ही शेती करणाऱ्याला खाडी स्वच्छ राखावीच लागते. गावाच्या दृष्टीने हा फायदाच आहे.

कुर्ल्यांचे गणित मधले आहे. त्या मांसाहारी आहेत आणि कात टाकलेल्या मऊ कुर्लीला दुसरी कुर्ली खाऊन टाकते. म्हणून कुंपणात लपायला नळ्या, कौले ठेवतात. खरा धोका बियाण्याचा आहे. खाडीतल्याच बारीक कुर्ल्या पकडून पाळल्या, तर खाडी रिकामी होते. तमिळनाडूत राजीव गांधी जलकृषी केंद्राने हॅचरीत कुर्लीची पिल्ले तयार केली आहेत. बी तिथून आणले तर खाडीतल्या पिल्लांना हात लावावा लागत नाही.

मत्स्यशेतीसाठी कांदळवन तोडावेच लागते, हा समज बराच जुना आहे आणि त्याला कारणही आहे. १९९०च्या दशकात पूर्व किनाऱ्यावर, काही ठिकाणी कांदळवन तोडून, कोळंबीची तळी बेसुमार वाढली, शेतांत खारे पाणी शिरले आणि पुढे रोगाने तळीही बसली. गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांच्या याचिकेवर ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आतली तळी काढायला सांगितली. पारंपरिक पद्धती तेवढ्या वगळल्या. २००५ मध्ये किनारी जलकृषीचा कायदा आला आणि नोंदणी सक्तीची झाली. महाराष्ट्रात २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन झाला. पुढे शासनाने कांदळवन राखणाऱ्या किनारी गटांना उपजीविकेसाठी खेकडे, कालवे आणि शिनाणे पाळायला मदत देणारी योजना आणली. या पद्धतीत झाड उभे राहिले तरच धंदा टिकतो.

आता हक्काचा प्रश्न. खाडी मोकळी दिसते, पण ती रिकामी नसते. कुणी तिथे पाग टाकतो, कुणाची होडी तिथून जाते, बायका ओहोटीला तिसऱ्या आणि कालवे काढतात. मांडव नेमका तिथेच उभा राहिला, तर एकाच्या पिकासाठी दहाजणांची वाट बंद होते. मग विरोध झाला तर तो अडाणीपणा नव्हे, ती पोटाची काळजी आहे.

यावरचा तोडगा आपल्या किनाऱ्याला नवा नाही. रापणीच्या जाळ्याचे दोर ओढणाऱ्यांना मासळीत वाटा मिळतो. त्यामुळे आपल्याला डावलले असे तिथे सहसा कुणाला वाटत नाही. केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या पडन्ना भागात शिनाण्यांची शेती रुजली, तीही बायकांच्या बचतगटांच्या हातून. तिथे बायकाच मालकिणी झाल्या.

तेव्हा तुमच्या खाडीत उद्या कुणी मत्स्यशेतीचा प्रस्ताव आणला, तर चार गोष्टी विचारा. हा जीव खाणार काय? बी कुठून येणार? पाणी किती स्वच्छ आहे? आणि आज तिथे उतरणाऱ्यांचा वाटा किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाग टाकणाऱ्यांना आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना बोलावून, त्यांच्यासमोर ठरले पाहिजे. चारही उत्तरे पटली तर मांडव खुशाल उभारू द्या. एखादे जरी अडले, तर ते सुटेपर्यंत थांबायला सांगण्याचा गावाला पूर्ण हक्क आहे.