जिभेवरचा दाब

आधी एक छोटा प्रयोग करा. अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताच्या बोटाने घट्ट दाबा. नख पांढरं पडलं ना? आता सोडा. ते पुन्हा गुलाबी झालं. दाबल्यामुळे नखाखालचं रक्त बाजूला सरकलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मराठीत म्हणतात, ‘जिभेला हाड नसतं.’ तोंडाला येईल ते बोलणाऱ्या माणसाबद्दल असं म्हणतात. पण शरीराच्या दृष्टीनेही ते खरं आहे. जीभ म्हणजे मऊ स्नायू. घशाचं ऑपरेशन करताना हीच जीभ डॉक्टरांच्या वाटेत येते.

समजा, टॉन्सिल काढायचे आहेत. रुग्णाला भूल देतात. मग तोंड उघडं राहावं म्हणून धातूची चौकट बसवतात. भारतात आणि ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या अशा एका चौकटीचं नाव आहे ‘बॉइल-डेव्हिस गॅग’. तिचं पातं जीभ दाबून धरतं. त्यामुळे घसा नीट दिसतो आणि डॉक्टरांचे दोन्ही हात मोकळे राहतात.

अडचण इथेच आहे. आपण जागे असलो आणि जीभ दुखली, तर लगेच ‘आई गं!’ म्हणतो. भूल दिलेला माणूस काहीच सांगू शकत नाही. पातं चौकटीत अडकवलेलं असतं, म्हणून किती दाब पडतोय हे डॉक्टरांच्या हातालाही नीट कळत नाही. दाब जास्त वेळ राहिला, तर नखासारखंच होतं. जिभेला पुरेसं रक्त मिळत नाही. नंतर ती सुजते. मज्जातंतू दाबला गेला, तर जीभ बधिर होते किंवा चव कळत नाही. बहुतेक जण हळूहळू बरे होतात, पण काहींना कित्येक महिने लागतात.

म्हणून संशोधकांनी पातळ सेन्सर वापरून हा दाब मोजला आहे. जोर वाढला की सेन्सरमधला विजेचा प्रवाह बदलतो आणि पडद्यावर आकडा दिसतो. पण नुसता जोर कळून भागत नाही. दप्तराचा पट्टा अरुंद असला की खांद्यात रुततो, रुंद असला की तेच ओझं कमी टोचतं. जोर तोच, पण जागा कमी, म्हणून दाब जास्त. शिवाय वेळही बघावी लागते. दोन मिनिटांचा दाब आणि तासाभराचा दाब सारखा नसतो.

सगळ्याच ऑपरेशन थिएटरमध्ये असे सेन्सर नसतात. मग काय करायचं? ऑपरेशन लांबलं, तर डॉक्टर मध्येच चौकट थोडी सैल करतात. जिभेला पुन्हा रक्त मिळतं. तुमचं नख गुलाबी झालं होतं, तसंच!

शब्दार्थ
भूल – ऑपरेशनच्या वेळी दुखू नये म्हणून दिलेलं औषध
पातं – हत्याराचा चपटा भाग
बधिर – स्पर्श कळत नाही असा
मज्जातंतू – मेंदूकडे निरोप नेणारा धागा
रुतणे – आत घुसून टोचणे

स्वाध्याय
१. भूल दिल्यावर जिभेवरचा दाब मोजणं का गरजेचं आहे?
२. रुंद पट्ट्याचं दप्तर कमी का टोचतं?
३. ‘जिभेला हाड नसणे’ हा वाक्प्रचार वापरून एक वाक्य लिहा. घरी आजी-आजोबांना वाचून दाखवा.