मोटार भरण्याआधीचा खर्च

पाच हॉर्सपॉवरची पाणबुडी मोटार जळाली की ती भरून आणायला साधारण चार ते सात हजार रुपये जातात. बोअरमधून मोटार काढणे, पुन्हा सोडणे आणि गाडीभाडे वेगळे. ऐन उन्हाळ्यात रिवाइंडिंगवाल्याकडे रांग असली, तर तेवढे दिवस पिकाला पाणी नाही. हे टाळणारी यंत्रणा स्टार्टरच्या पेटीत बसते आणि याहून बऱ्याच कमी पैशांत येते. तरी काटकसर नेमकी तिथेच केली जाते, याचे वाईट वाटते. (इथल्या किमती अंदाजे आहेत. कंपनी आणि गावाप्रमाणे फरक पडेल.)

‘फ्यूज आहे ना, मग मोटार कशी जळेल?’ असे अनेकजण विचारतात. पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार चालताना सुमारे साडेसात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट करंट ओढते. तो झटका सोसावा म्हणून फ्यूज पंधरा-वीस अँपिअरचा घालावा लागतो. आता चालू मोटारीचा एक फेज गेला, तर ती उरलेल्या दोन फेजवर जवळजवळ पावणेदोन पट, म्हणजे बारा-तेरा अँपिअर ओढत गुरगुरत राहते. एवढ्याने फ्यूज वितळत नाही. वायंडिंग मात्र थोड्याच वेळात जळते. फ्यूज शॉर्टसर्किटपासून वायर वाचवतो. मोटार वाचवणे हे रिलेचे काम आहे.

ओव्हरलोड रिलेत दोन धातूंची जोडपट्टी असते. जास्त करंटने ती तापून वाकते आणि स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा तोडून मोटार बंद करते. किंमत सातशे ते दीड हजार. मोटारीच्या नेमप्लेटवरचे अँपिअर ज्या रेंजच्या मधोमध येतील, तो रिले घ्या. साडेसातसाठी ६ ते १० चा चालेल. डायल नेमप्लेटच्या आकड्यावरच ठेवा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले सहसा मोटारीच्या फेजमध्ये असतो. तिथे नेमप्लेटच्या ५८ टक्के सेटिंग लागते, म्हणजे १४ अँपिअरच्या मोटारीला ८. हे न पाहता डायल १४ वर ठेवला, तर रिले असूनही काही उपयोग नाही.

रिले वारंवार ट्रिप होतो म्हणून डायल वाढवून देणाऱ्या मेकॅनिकला थांबवा. व्होल्टेज कमी आहे का, बेअरिंग धरले का, पंपात गाळ अडकला का, हे आधी बघायला सांगा. फेज वारंवार जाणाऱ्या भागात सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरही बसवा. हजार ते अडीच हजारांत मिळतो आणि फेज गेल्यावर काही सेकंदांत मोटार बंद करतो. पिठाची गिरणी, लेथ, कॉम्प्रेसर यांनाही हेच लागू.

किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या होल्डरमध्ये, तांब्याची जाड तार बांधणे म्हणजे फ्यूज काढून टाकणे. त्याऐवजी एचआरसी फ्यूज घ्या. एक साठ ते दीडशे रुपयांना पडतो आणि तीन लागतात. त्यातली बारीक क्वार्ट्झ वाळू ठिणगी आतच विझवते. चांगल्या कंपनीचा एचआरसी फ्यूज ८० किलोअँपिअरपर्यंतचा शॉर्टसर्किट करंट तोडू शकतो. बांधलेल्या तारेची ती ताकद नाही.

गाडीत फ्यूज आणि रिले यांच्या कामाची वाटणी थोडी वेगळी आहे. तिथला रिले संरक्षण करत नाही. स्विचमधून थोडासा करंट घेऊन तो हॉर्न, हेडलाइट, पंखा यांचा मोठा करंट स्वतःच्या कॉन्टॅक्टमधून सोडतो, त्यामुळे स्विच जळत नाही. किंमत दीडशे ते तीनशे. बिघाडाचा संशय आला तर त्याच आकड्याचा आणि तेवढ्याच पिनांचा दुसरा रिले बदलून बघा. तेवढ्यासाठी वायरमनला पैसे द्यायची गरज नाही. ब्लेड फ्यूज दहा-वीस रुपयांना येतो. लाल १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअरचा. त्याच रंगाचा घाला. दोनदा उडाला तर शॉर्ट शोधा, मोठा फ्यूज घालू नका. नाहीतर फ्यूजऐवजी वायरिंग वितळेल आणि पूर्ण हार्नेस बदलायला कित्येक हजार जातील. जादा दिवा किंवा हॉर्न बसवताना बॅटरीजवळच स्वतंत्र फ्यूज मागा आणि कंपनीची वायर कापू देऊ नका. वॉरंटी नाकारायला तेवढे कारण पुरते.

डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज स्वतः बदलायला जाऊ नका. त्यासाठी लाइनमनलाच बोलवा. दुकानात पक्के बिल घ्या आणि त्यावर फ्यूजचे अँपिअर आणि रिलेची रेंज लिहून घ्या.