परक्या नगरात संसाराचा हिशेब
(चेन्नईस नव्याने जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक पाठ)

आपल्या मंडळ्यांतील कितीतरी तरुण कुटुंबे आज महाराष्ट्राबाहेर संसार थाटीत आहेत. त्यांतील काही चेन्नईस जातात. कोणी ताम्बरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकावयास, कोणी किलपॉकच्या गुरुकुल लुथेरन थिऑलॉजिकल कॉलेजात सेवेची तयारी करण्यास, तर कोणी मोटारींच्या कारखान्यांत किंवा संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरीस. १९९६ साली मद्रासचे नाव चेन्नई झाले. देश आपलाच असला, तरी तेथील भाषा निराळी, लिपी निराळी, इतकेच नव्हे तर पावसाळाही निराळा. पहिले काही महिने परदेशी गेल्यासारखेच वाटते.

बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज करणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत (लूक, अध्याय १४) आपणांस परिचित आहे. परंतु अंदाज कोणत्या मापाने करावयाचा? आपण गावची मापे घेऊन नव्या नगरात जातो आणि तेथेच हिशेब चुकतो. म्हणून या पाठाचा मुद्दा एवढाच की, प्रथम त्या नगराची मापे शिकावी आणि मगच पैसा हातचा सोडावा.

१. घराचे माप

चेन्नईत भाड्याच्या घरासाठी जी अनामत रक्कम द्यावी लागते, तिला ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. हा शब्द ऐकून ती पुढील भाड्यात वळती होईल असा नवख्याचा समज होतो. वस्तुतः ती घर सोडताना परत मिळावयाची ठेव होय. दहा महिन्यांच्या भाड्याइतकी ठेव मागण्याची तेथे जुनी रीत आहे. भाडे १२,००० रुपये असेल तर ही ठेव १,२०,००० रुपये होते.

तामिळनाडूचा घरमालक व भाडेकरू यांच्याविषयीचा २०१७ चा कायदा २२ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आला. निराळा करार झालेला नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक ठेव घेऊ नये, असे त्यात सांगितले आहे. वरील उदाहरणात ही रक्कम ३६,००० रुपये होते. ‘निराळा करार झालेला नसेल तर’ हे शब्द मात्र ध्यानात ठेवावे. दहा महिन्यांच्या ठेवीचा मजकूर असलेल्या करारावर सही केल्यावर या तरतुदीचा आधार उरत नाही. म्हणून बोलणी सहीपूर्वीच करावी. या दोन रकमांतील फरक ८४,००० रुपयांचा आहे. तेवढ्यासाठी वडिलांना गावी कर्ज काढावे लागले, तर त्या कर्जाचे व्याज हेही चेन्नईचे भाडेच समजावे. घर सोडताना रंगकामासाठी किती रक्कम कापली जाईल, हेसुद्धा करारात लिहून घ्यावे. तोंडी वचनावर विसंबू नये.

२. विजेचे माप

महाराष्ट्रात विजेचे बिल दरमहा भरण्याची आपणांस सवय असते. तामिळनाडूत घरगुती मीटरचे वाचन दोन महिन्यांनी होत आले आहे. त्यामुळे पहिल्या महिन्यात हातात पैसा उरल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस तो एकदम जातो. यावर उपाय सोपा आहे. अंदाजे अर्धी रक्कम पहिल्याच महिन्यात बाजूला ठेवावी.

२०१६ साली तेथील सरकारने घरगुती ग्राहकास दर दोन महिन्यांमागे पहिली १०० युनिटे मोफत केली. पुढील दर मात्र टप्प्याटप्प्याने चढतात आणि ५०० युनिटांची मर्यादा ओलांडली की अगोदरच्या काही युनिटांनाही चढा दर लागतो. एप्रिल-मेच्या उष्म्यात वातानुकूलन यंत्र वापरणाऱ्यांनी मीटरवर मधूनमधून नजर ठेवावी. काही घरमालक मंडळाचे बिल न दाखविता स्वतःच्या ठरावीक दराने पैसे घेतात. तेव्हा घरास स्वतंत्र मीटर आहे काय, हे घर पाहतानाच विचारावे.

३. पाण्याचे माप

आपल्याकडे पावसाळा जून ते सप्टेंबर असतो. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तो हुकला तर पुढचा उन्हाळा कठीण जातो. २०१९ साली शहराचे जलाशय आटले आणि जुलै महिन्यात जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले. एका गाडीत सुमारे २५ लाख लिटर पाणी येई.

मराठी वाचकास आपलीशी वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश या तिन्ही राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातील प्रत्येकी ५ अब्ज घनफूट पाणी मद्रासला देण्याचे मान्य केले. १९९६ साली कालव्याने ते पाणी तेथे पोहोचले. महाबळेश्वरी उगम पावणारी नदी आपल्यापूर्वीच त्या नगरात जाऊन राहिली आहे!

घर घेताना पुढील तीन प्रश्न अवश्य विचारावे. नळास ‘मेट्रो वॉटर’चे पाणी येते की कूपनलिकेचे? समुद्राजवळच्या कित्येक भागांत कूपनलिकेचे पाणी खारट लागते. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो काय? आणि त्याचा खर्च भाड्यात धरला आहे की निराळा आहे? पुष्कळ घरांत पिण्यासाठी मोठे कॅन विकत घ्यावे लागतात. तो खर्च दरमहाच्या यादीत आधीच मांडावा.

४. बाजाराचे माप

दुकानात नुसता तांदूळ मागितला तर पुष्कळदा उकडा तांदूळ हाती येतो. त्यास ‘पुळुंगल अरिसि’ म्हणतात. आपल्या भातासाठी ‘पच्चरिसि’ मागावा. ज्वारीस ‘सोळम’ आणि बाजरीस ‘कम्बु’ ही नावे आहेत. ही नावे ठाऊक असली तर भाकरीचे पीठ गावाहून मागविण्याचा खर्च वाचतो. ‘पाल’ म्हणजे दूध आणि ‘मोर’ म्हणजे ताक, हे मात्र हसू आवरून लक्षात ठेवावे. ‘एव्वळवु?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ आणि ‘वेंडाम’ म्हणजे ‘नको’. एवढ्या दोन शब्दांनीही पुष्कळ काम होते.

‘एक देश, एक शिधापत्रिका’ या योजनेत तामिळनाडू २०२० साली सामील झाले. ज्यांच्या शिधापत्रिकेवर अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्य मिळते, त्यांना ते तेथील रास्त भावाच्या दुकानातही घेता येते. गॅसची जोडणी गावच्या वितरकाकडून रीतसर बदलून घ्यावी. तोवर पाच किलोचा लहान सिलिंडर पत्त्याच्या दाखल्यावाचून मिळू शकतो. २०२१ च्या मे महिन्यात साध्या भाड्याच्या शहर बसगाड्यांत स्त्रियांना प्रवास मोफत करण्यात आला. घर निवडताना ही सोयही हिशेबात धरावी.

५. माणसांचे माप

वरील सर्व गोष्टी कोणत्याही पुस्तकापेक्षा शेजारच्या घरी लवकर समजतात. टँकर कोणाचा चांगला, कोणता वैद्य परवडणारा, रिक्षाचे योग्य भाडे किती, हे शेजारीणच सांगू शकते. तिला ‘अक्का’ आणि दुकानदारास ‘अण्णा’ म्हणावे. हे शब्द आपल्याही घरातले आहेत. जाताना आपल्या मंडळीकडून सभासदत्वाचे पत्र न्यावे आणि पहिल्याच रविवारी जवळच्या मंडळीत हजर व्हावे. भाषा न समजणाऱ्यासाठी इंग्रजी उपासना ठेवणाऱ्या मंडळ्या त्या नगरात आहेत. जो संकोचाने कोणासही विचारीत नाही, तो प्रत्येक गोष्टीस अधिक मोल देतो.

विचारासाठी व कृतीसाठी

१. पहिल्या साठ दिवसांचा खर्च रोज एका वहीत लिहा. विजेचे पहिले बिल आल्यावर तो पुन्हा तपासून पाहा.
२. घराच्या करारातील कोणत्या गोष्टी अद्याप केवळ तोंडी आहेत?
३. आपल्या गावी दुसऱ्या प्रांतातून आलेले कुटुंब आहे काय? त्यास आपल्या गावची मापे कोणी सांगितली आहेत?