मामा चुकले, भाची बरोबर

प्रश्न : माझ्या भाचीने पुण्यात एमबीबीएस केलं. न्यूरॉलॉजी शिकण्यासाठी तिने अमेरिकेत अर्ज केले आणि हिवाळाभर संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसून मुलाखती दिल्या. छान झाल्या म्हणते, पण एकाही रुग्णालयाचं पत्र नाही. उलट आता तीच रुग्णालयांची क्रमवार यादी करते आहे. ‘जिथं मिळण्याची खात्री वाटते ते वर लिही’ असं मी सांगितलं, तर ऐकत नाही. बरोबर कोण?
— एक मामा, सातारा

उत्तर : भाची.

पत्राची वाट पाहू नका, तिथं ते असं येतच नाही. मुलाखती झाल्या की उमेदवार रुग्णालयांची यादी भरतात आणि रुग्णालयं उमेदवारांची. मग संगणक दोन्हींची सांगड घालतो. याला ‘मॅच’ म्हणतात आणि तो १९५२ पासून चालू आहे. त्याआधी चांगली मुलं हातची जाऊ नयेत म्हणून रुग्णालयं त्यांना शिक्षण संपण्याच्या दोन-दोन वर्षं आधीच बांधून ठेवत. त्या घाईवरचा हा तोडगा.

‘वरचं मिळालं नाही तर खालचंही हातून जाईल’ ही तुमची भीती समजते. इथं मात्र ती लागू नाही. समजा, भाचीने पहिलं नाव अवघड रुग्णालयाचं लिहिलं. संगणक आधी तिथं विचारतो. नकार आला तर दुसऱ्याकडे जातो. तिथल्या जागा तोवर भरलेल्या दिसल्या तरी त्या तात्पुरत्याच असतात. त्या रुग्णालयाने आपल्या यादीत भाचीला वर ठेवलं असेल, तर आधी धरलेल्यांपैकी सगळ्यात खालचा उमेदवार सुटतो आणि ती आत येते. तिने आपल्याला दुसरं लिहिलं होतं, याचा त्या रुग्णालयाला पत्ताही नसतो. म्हणजे मोठी उडी मारून पाहण्याचा दंड शून्य. उमेदवाराच्या बाजूने सुरुवात करणारी ही पद्धत आल्विन रॉथ यांच्या फेररचनेनंतर १९९८ पासून वापरात आहे. तिच्या मुळाशी असलेलं गणित गेल आणि शेप्ली यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं. रॉथ आणि शेप्ली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच प्रकारच्या कामासाठी.

धोका उलट बाजूला आहे. मॅचचा निकाल बंधनकारक असतो. ‘असू दे एक’ म्हणून लिहिलेलं नको असलेलं गाव पदरात पडलं, तर तिथं जावं लागतं. ‘आम्ही तुमच्या यादीत कितवे?’ असं विचारायला रुग्णालयांना नियमाने बंदी आहे. मुलाखतीनंतर आलेल्या गोड ईमेलवरून क्रम बदलण्यात तर काहीच अर्थ नाही. क्रम ठरवताना मुलाखत कशी रंगली ते आठवणं बरं. तिथं उमेदवाराला त्याच्या लक्षात राहिलेल्या एखाद्या रुग्णाचं वर्णन करायला सांगतात. तेव्हा रोगाचं नाव फेकण्याआधी बिघाड मेंदूत, मज्जारज्जूत की नसेत, हे जो पायरीपायरीने शोधतो तो न्यूरॉलॉजीवाल्यांना आवडतो. अशा गप्पा जिथं रंगल्या, ते रुग्णालय तिने वर लिहिलं असेल तर लिहू द्या.

आपल्याकडे एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी आणि मग तीन वर्षं डीएम केल्यावर न्यूरॉलॉजिस्ट होता येतं. तिकडे सगळी मिळून चार वर्षं : पहिलं मुख्यतः मेडिसिनचं, पुढची तीन न्यूरॉलॉजीची. मेख याच पहिल्या वर्षात आहे. ‘कॅटेगोरिकल’ जागेत चारही वर्षं एकत्र मिळतात. ‘ॲडव्हान्स्ड’ जागा दुसऱ्या वर्षापासून सुरू होते आणि मेडिसिनचं वर्ष वेगळं मिळवावं लागतं. त्यासाठी मुख्य यादीतल्या अशा प्रत्येक जागेला पुरवणी यादी जोडता येते. ती राहिली, तर न्यूरॉलॉजी मिळूनही पहिल्या वर्षासाठी धावाधाव होते. क्रमाचा वाद सोडा आणि पुरवणी यादी भरली का, एवढं तिला विचारा. तेही मुदतीआधी, कारण मुदत टळल्यावर यादीला हात लावता येत नाही.